हर्णेच्या पुळणीवरून पुण्याच्या प्रयोगशाळेत: समुद्रपक्ष्यांच्या मायटोकाँड्रियल डीएनएचा प्रवास

पहिला दिवस: पुणे, सामानाची जुळवाजुळव

जून ते ऑगस्टमध्ये अरबी समुद्र खवळला की एरवी जमिनीचं तोंडही न बघणारे पक्षी कोकणच्या पुळणींवर येऊन पडतात. मास्क्ड बूबी, शीअरवॉटर, स्टॉर्म पेट्रल, ब्रायडल्ड आणि सूटी टर्न यांपैकी काही दमलेले असतात, पुष्कळसे मेलेले. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो. पुण्यात बसून त्यावरून समुद्रपक्ष्यांची नातीगोती तपासायची, तर त्यांच्या ऊती मिळण्याचा हा सगळ्यात सरळ मार्ग. जिवंत पक्षी पकडावा लागत नाही आणि वसाहतीत पाऊल टाकावं लागत नाही.

मात्र पहिली गोष्ट कागद. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली मेलेला पक्षी आणि त्याचे अवयव हीसुद्धा सरकारी मालमत्ता असते. त्यामुळे मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी, स्थानिक वनपरिक्षेत्र कार्यालयाला आगाऊ सूचना आणि परवानगीपत्राच्या प्रती गाडीत, एवढं झाल्याशिवाय निघायचं नाही. परवानगीत ‘पिसं’ लिहिलं असेल आणि तुम्ही स्नायू कापलात, तर तो नमुना कामाचा राहत नाही. अर्जातच स्नायू, पीस, पायाच्या तळव्याची त्वचा आणि ओळख पटवायला ठेवायचा सांगाडा, असं सगळं वेगवेगळं लिहावं.

दुसरी गोष्ट अल्कोहोल. नमुन्यासाठी ९५ टक्क्यांच्या वरचं शुद्ध इथेनॉल लागतं. औषधाच्या दुकानातलं स्पिरिट चालत नाही, कारण त्यात पाणी जास्त आणि वर इतर रसायनं मिसळलेली. फॉर्मॅलिन तर डब्याजवळही नको. फॉर्मॅलिनमध्ये डीएनए आणि प्रथिनं एकमेकांत अडकतात आणि पुढे काही केलं तरी धड तुकड्याच्या प्रती निघत नाहीत.

बाकीची यादी: २ मिलिलिटरच्या, रबरी कडीच्या फिरकी झाकणाच्या नळ्या, प्रत्येकीत आधीच दीड मिलिलिटर इथेनॉल भरून. सुटी सर्जिकल पाती, दर पक्ष्यामागे दोन. चिमटे. घरगुती ब्लीचचं दहापट पातळ केलेलं द्रावण, साधं पाणी आणि इथेनॉल यांच्या तीन बाटल्या. पिसांसाठी कागदी पाकिटं आणि सिलिका जेल. एन-९५ मास्क, नायट्राइल हातमोजे, व्हर्नियर कॅलिपर, पंख मोजायची पट्टी, शिसपेन्सिल.

पेन्सिलीचा आग्रह सकारण आहे. बाहेरून मार्करने लिहिलेला क्रमांक इथेनॉलचा एक थेंब ओघळला की पुसला जातो. जाड कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने क्रमांक लिहून ती नळीच्या *आत* टाकायची. नाव गेलेला नमुना फेकून द्यावा लागतो, मग तो कितीही दुर्मीळ असो.

दुसरा दिवस: पुणे ते हर्णे

चांदणी चौक, पिरंगुट, मुळशी, ताम्हिणी, माणगाव, मंडणगड, दापोली. अंतर साधारण दोनशे किलोमीटर, पण पावसाळ्यात सहा तास धरावेत आणि ताम्हिणीत दरड कोसळली नाही ना याची सकाळी खात्री करूनच निघावं. इथेनॉल ज्वालाग्राही, म्हणून बाटल्या उभ्या, घट्ट, थर्माकोलच्या खोक्यात आणि खोकं सावलीत.

दिवस अमावास्येच्या आसपासचा धरला होता. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरतीची रेघ वर सुरूबनापर्यंत सरकते आणि वाहून आलेलं सगळं तिथे अडकतं. भांगाच्या दिवसांत पाणी इतकं वर चढत नाही, पक्षी लाटेतच घोळत राहतो आणि दोन दिवसांत खेकडे नि कुत्री तो संपवतात. संध्याकाळी हर्णे बंदरात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होत्या. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्यामुळे या काळात खोल समुद्रातल्या पक्ष्यांची खबर मच्छीमारांकडून येत नाही, पुळणीवर चालणाऱ्यांकडून येते. गावात दोन-चार ठिकाणी सांगून ठेवणं फार उपयोगी पडतं.

तिसरा दिवस: मुरूड, कर्दे, आंजर्ले

उजाडताच ओहोटी लागली की चालायला लागायचं. नजर भरतीच्या रेघेवर, म्हणजे शेवाळ, प्लॅस्टिक आणि लाकडाच्या पट्ट्यावर. मेलेला पक्षी पांढऱ्या थर्माकोलसारखा किंवा काळ्या चिंधीसारखा दिसतो आणि सहज सुटतो. रेघेच्या जमिनीकडच्या बाजूने जाऊन समुद्राकडच्या बाजूने परतलं, तर चुकलेलं सापडतं.

कर्द्याच्या बाजूला एक टर्न सापडली. मराठीत आपण टर्नला सुरय म्हणतो, पण ही नदीवर दिसणाऱ्या सुरयांतली नव्हे. पाठ गडद, पोट पांढरं, म्हणजे ब्रायडल्ड किंवा सूटी. जिवंत पक्ष्यात फरक सोपा: ब्रायडल्डच्या कपाळावरचा पांढरा पट्टा अरुंद असतो आणि डोळ्याच्या मागेपर्यंत जातो, सूटीचा रुंद असतो आणि डोळ्याशी थांबतो. इथे डोक्याची पिसं वाळूने घासून गेली होती. अशा वेळी आपलं मत नोंदवायचं, पण निर्णय पुढे ढकलायचा. दुसरा नमुना आंजर्ल्याच्या खाडीकडे मिळाला: शीअरवॉटरचं धड, डोकं गायब, दोन्ही पंख शाबूत, पाय फिकट गुलाबीसर पण कुजायला लागलेले.

हात लावण्याआधी फोटो: वरून, खालून, पंख पसरून, पाय, शेजारी पट्टी. मग मापं: पंखाची लांबी, चोच, नडगीचं हाड, शेपूट. एकाच पुळणीवर बरेच पक्षी एकदम मेलेले दिसले तर नमुना घ्यायचाच नाही, पशुसंवर्धन आणि वन विभागाला कळवायचं. बर्ड फ्लूची शंका असताना पातं चालवणं म्हणजे स्वतःबरोबर गावच्या कोंबड्यांनाही धोका.

कापायचं कुठे, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. छातीचं हाड बोटाने चाचपायचं, त्याच्या एका बाजूची पिसं ओली करून दूर सारायची आणि त्वचेला दोन सेंटिमीटरची चीर द्यायची. वरचा थर काळपट आणि बुळबुळीत असतो. तो टाकून पातं बदलायचं आणि हाडाला चिकटलेल्या आतल्या थरातून, जिथे रंग अजून लालसर आहे तिथून, तुरीच्या दाण्याएवढे दोन तुकडे घ्यायचे. जास्त घेण्याचा मोह टाळावा. ऊतीच्या दहापट इथेनॉल हवं. नळी मांसाने भरली की मांसातलं पाणी अल्कोहोल पातळ करतं आणि मधला भाग कुजतच राहतो. चोवीस तासांनी हे इथेनॉल ओतून नवीन भरायचं.

स्नायूच का, रक्त का नाही, हे इथेच सांगायला हवं. सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, पक्ष्यांच्या असतं. म्हणून पक्ष्याच्या रक्तातून केंद्रकातला डीएनए भरपूर मिळतो आणि मायटोकाँड्रियाचा त्या मानाने कमी. उडणाऱ्या पक्ष्याच्या छातीच्या स्नायूत मात्र मायटोकाँड्रिया खच्चून भरलेले. अडचण अशी की उत्क्रांतीच्या ओघात मायटोकाँड्रियाच्या डीएनएचे तुकडे केंद्रकात जाऊन चिकटलेले असतात. त्यांना न्यूम्ट म्हणतात. ते तुकडे तिथे निरुपयोगी पडून वेगळ्याच गतीने बदलतात. रक्तावरून काम केलं तर खऱ्या जनुकाऐवजी अशी जुनी प्रत हाती लागण्याची शक्यता वाढते आणि नात्यांच्या झाडात, म्हणजे वंशवृक्षात, पक्षी भलत्याच फांदीवर जाऊन बसतो. मायकेल सोरेन्सन आणि थॉमस क्विन यांनी १९९८ मध्ये पक्ष्यांच्या वर्गीकरणासाठी हा इशारा स्पष्ट शब्दांत दिला होता. अजूनही रक्तावरून घेतलेले क्रम (डीएनएतल्या अक्षरांच्या ओळी) बिनदिक्कत वापरले जातात, हे खटकतं.

दोन पक्ष्यांच्या मध्ये चिमटा ब्लीचमध्ये मिनिटभर, मग पाण्यात, मग इथेनॉलमध्ये. नुसतं इथेनॉल पुरत नाही. ते जंतू मारतं, पण चिमट्यावरचा डीएनए तसाच राहतो. ब्लीच पाण्याने धुतलं नाही तर पुढच्या नमुन्याचा डीएनए तेच खातं.

चौथा दिवस: बूबीची पिसं आणि परतीचा रस्ता

वन विभागाच्या देखरेखीखाली एका मास्क्ड बूबीवर उपचार चालू होते. जिवंत पक्ष्याचा नमुना घ्यायचा तर पशुवैद्यांच्या हातून, आणि शक्यतो आपोआप गळलेलं पीस. पीस उचलताना टोकाकडे बघू नका, बुडाकडे बघा. पिसाची पोकळ दांडी जिथे संपते आणि पाती सुरू होतात, तिथे आतल्या बाजूला एक बारीक छिद्र असतं. पीस वाढत असताना तिथून रक्तवाहिनी जायची, तिची वाळलेली गुठळी आत राहते. दांडी उजेडाकडे धरली की ती तपकिरी रेघ दिसते. दांडीच्या अगदी खालच्या टोकापेक्षा या गुठळीतून डीएनए अधिक आणि चांगला मिळतो. गुठळी म्हणजे रक्तच, तेव्हा वरची न्यूम्टची भीती इथे लागू आहे आणि पिसांवरून आलेला क्रम दुप्पट काळजीने तपासायचा.

पिसं कागदी पाकिटात, पाकीट सिलिका जेलच्या डब्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केलेल्या ओल्या पिसाला कोकणच्या हवेत दोन दिवसांत बुरशी येते.

संध्याकाळी पुण्यात पोचल्यावर विश्रांती नाही, कारण ऊतीचं पचन, म्हणजे ती एन्झाइमने विरघळवणं, रात्रभर चालतं आणि आज लावलं तरच उद्या काम पुढे जातं. स्नायूचा साधारण २० मिलिग्रॅमचा तुकडा टिपकागदावर दाबून इथेनॉल टिपून घ्यायचा, पाच मिनिटं उघडा ठेवायचा, पात्याने बारीक चिरायचा. त्यावर १८० मायक्रोलिटर पचन-बफर आणि २० मायक्रोलिटर प्रोटिनेज के, तीव्रता मिलिलिटरला २० मिलिग्रॅम. तापमान ५६ अंश सेल्सिअस, हलत्या ब्लॉकवर. पिसाच्या गुठळीला हेच, पण वर २० मायक्रोलिटर एक मोलर डीटीटी. केराटिनमधले (पिसाच्या प्रथिनातले) गंधकाचे बंध त्याशिवाय सुटत नाहीत आणि सकाळी दांडी जशीच्या तशी तरंगताना दिसते. शेवटी एक रिकामी नळी: बफर आहे, एन्झाइम आहे, ऊती नाही. ही नळी पुढच्या प्रत्येक पायरीला बरोबर न्यायची.

पाचवा दिवस: डीएनए वेगळा करणं

सकाळी नळीत स्वच्छ, किंचित पिवळसर द्राव हवा. तुकडे दिसले तर आणखी १० मायक्रोलिटर एन्झाइम आणि दोन तास. घाई केली तर ज्या सिलिकाच्या पडद्यावर डीएनए चिकटतो, त्यावर न पचलेला लगदा बसून तो तुंबतो.

पुढे बंधक बफर २०० मायक्रोलिटर, इथेनॉल २०० मायक्रोलिटर, सगळं पडद्याच्या नळीत ओतून सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला ८,००० फेऱ्यांवर एक मिनिट. दोनदा धुणं, प्रत्येकी ५०० मायक्रोलिटर, दुसरं धुणं १४,००० फेऱ्यांवर तीन मिनिटं. मग रिकामी नळी पुन्हा एक मिनिट फिरवायची. ही शेवटची फेरी बरेच जण गाळतात. पडद्यात राहिलेलं इथेनॉल डीएनएबरोबर खाली येतं आणि जेलच्या (वीज सोडून डीएनए लांबीनुसार वेगळा करायच्या वडीच्या) खाचेत नमुना सोडला की तो तळाशी बसत नाही, वळवळत वर येऊन शेजारच्या खाचेत पसरतो. असं दिसलं की समजावं, पडदा ओला राहिला.

स्नायूचा डीएनए १०० मायक्रोलिटरमध्ये उतरवला, पिसाचा ५० मध्ये. जेलवर टर्नचा डीएनए वरच्या बाजूला जाड पट्टा म्हणून दिसला, म्हणजे लांब धागे शाबूत. शीअरवॉटरचा वरपासून खालपर्यंत नुसता धूर, म्हणजे डीएनए तुटलेला. उष्ण किनाऱ्यावर एक-दोन दिवस पडलेल्या पक्ष्याचं असंच होतं. निराश व्हायचं कारण नाही. पेशीत केंद्रक एक, मायटोकाँड्रियाच्या डीएनएच्या प्रती शेकडो ते हजारो. तुकडे झाले तरी दोन-तीनशे बेसचे (डीएनएच्या अक्षरांचे) सलग तुकडे कुठे ना कुठे उरतात.

तुलनेला बाहेरचा गट हवा, म्हणून भिगवणच्या तपकिरी डोक्याच्या कुरवाची (गलची) पिसं घेतली. उजनीच्या फुगवट्यावर हे कुरव दर हिवाळ्यात येतात आणि पुण्याहून ते ठिकाण शंभरेक किलोमीटरवर. टर्नच्या झाडाला मूळ द्यायला कुरव जवळचा आणि तरी बाहेरचा, म्हणून सोयीचा. शीअरवॉटरसाठी मात्र कुरव फार लांब पडतो. तिथे अल्बट्रॉसचे प्रकाशित क्रम मूळ म्हणून घ्यावे लागतात.

सहावा दिवस: पीसीआर, आणि गुरुवार

पुण्यात गुरुवार म्हणजे देखभालीसाठी वीज जाण्याचा वार. पीसीआर यंत्र, म्हणजे डीएनएचा ठरावीक तुकडा ‘वाढवणारं’, त्याच्या असंख्य प्रती काढणारं यंत्र, दीड-दोन तास चालतं. मध्ये वीज गेली तर नमुने फुकट जातात, म्हणून यंत्र बॅटरीवर आहे याची खात्री करून, किंवा भल्या पहाटे, काम लावायचं.

पक्ष्यांच्या मायटोकाँड्रियाचा डीएनए गोल असतो, साधारण १६,५०० ते २०,००० बेसचा. कोंबडीचा पूर्ण क्रम १९९० मध्ये प्रसिद्ध झाला, १६,७७५ बेस. जनुकं ३७: प्रथिनांची १३, टीआरएनएची २२, आरआरएनएची २ (हे दोन्ही प्रथिनं घडवायला लागणारे आरएनए). सस्तन प्राण्यांपेक्षा पक्ष्यांत जनुकांची मांडणी जरा वेगळी आहे: सायटोक्रोम बीनंतर थ्रिओनिन आणि प्रोलिनचे टीआरएनए, मग एनडी६, ग्लुटामेटचा टीआरएनए आणि मग नियंत्रक भाग (प्रथिनाचं जनुक नसलेला पट्टा). प्रायमर (वाढवायच्या तुकड्याची दोन टोकं ठरवणारे आखूड डीएनए) निवडताना माणसाचा नकाशा पुढ्यात ठेवला तर इथे चकवा बसतो.

आम्ही दोन ठिकाणं निवडली. सीओआय जनुकाचा बर्डएफ१ आणि बर्डआर१ या जोडीने येणारा साधारण ७५० बेसचा तुकडा, ओळख पटवायला. आणि सायटोक्रोम बी, ज्याची पक्ष्यांतली पूर्ण लांबी ११४३ बेस, नात्यांसाठी. समुद्रपक्ष्यांवर तीस वर्षांत झालेलं बरंच काम सायटोक्रोम बीवर आहे, त्यामुळे तुलनेला क्रम भरपूर. तुटलेल्या शीअरवॉटरसाठी एल१४८४१ आणि एच१५१४९ ही जुनी जोडी. ती ३०७ बेस वाचून देते, पण जेलवर पट्टा ३७५ च्या आसपास दिसतो, कारण प्रायमरची स्वतःची लांबी त्यात धरलेली असते. पट्टा ‘चुकीच्या’ जागी आला म्हणून नमुना टाकून देऊ नये.

नियंत्रक भाग सगळ्यात वेगाने बदलतो, म्हणून एकाच जातीच्या वसाहतींची तुलना करायला तो उत्तम. पण बूबी आणि अल्बट्रॉस यांच्यात हा भाग दोनदा आहे, आणि दोन्ही प्रती एकमेकींना सुधारत बरोबरीने बदलतात. साध्या प्रायमरने दोन्ही प्रती एकदम वाढल्या की क्रम वाचणाऱ्या यंत्राच्या आलेखात एका जागी दोन शिखरं येतात आणि माणूस ती भेसळ समजतो. बूबीच्या बाबतीत म्हणूनच नियंत्रक भागाला हात लावला नाही.

एका नळीचं प्रमाण, एकूण २५ मायक्रोलिटर: दुप्पट तीव्रतेचं मास्टर मिक्स (एन्झाइम, सुटे बेस वगैरेंचं तयार मिश्रण) १२.५, दोन्ही प्रायमर १० मायक्रोमोलरचे प्रत्येकी १, पाणी ८.५, डीएनए २. चार नमुने, रिकामी नळी, नुसत्या पाण्याची नळी आणि खात्रीचा जुना डीएनए अशा सात नळ्या, तर मिश्रण आठांचं करायचं. पिपेटच्या टोकाला चिकटून थोडं जातंच. प्रत्येक नळीत २३ मायक्रोलिटर, मग डीएनए. ९४ अंशांवर ३ मिनिटं. पुढे ३५ फेऱ्या ९४ वर ३० सेकंद, ५० वर ३० सेकंद, ७२ वर १ मिनिट. शेवटी ७२ वर ७ मिनिटं.

काय काय बिघडतं? पिसाच्या नळीत काहीच आलं नाही, तर बहुधा डीएनए कमी नाही, मेलॅनिन जास्त आहे. तो एन्झाइम अडवतो. डीएनए दहापट पातळ करून पुन्हा लावायचा किंवा बीएसए हे प्रथिन घालायचं. एकाऐवजी दोन-तीन पट्टे आले तर प्रायमर जोडणीचं (५० अंशांचं) तापमान दोन अंशांनी वाढवायचं. पाण्याच्या नळीत पट्टा आला तर त्या दिवसाचं सगळं रद्द, अपवाद नाही. हे प्रायमर सगळ्या पक्ष्यांना चालतात, त्यामुळे डब्यातल्या चिकनचा डीएनएही तितक्याच सहज वाढतो. एल१४८४१ची जोडी तर माणसाचाही वाढवते. म्हणून मिश्रण करायची खोली आणि वाढलेला डीएनए उघडायची खोली वेगळी हवी, आणि दुसऱ्या खोलीतला कोट, पिपेट, वही पहिल्या खोलीत न्यायची नाही.

सातवा दिवस

जेलवर चारही पट्टे नीट होते. उरलेले प्रायमर आणि सुटे बेस एन्झाइमने नष्ट केले, ३७ अंशांवर १५ मिनिटं आणि ८० वर १५ मिनिटं. नमुने दोन्ही दिशांनी वाचायला दिले. पैसे वाचवायला एकच दिशा वाचून घेण्याचा सल्ला मिळतो. तो ऐकू नये. प्रायमरजवळचे पहिले तीस-चाळीस बेस कधीच नीट वाचले जात नाहीत, ते फक्त उलट दिशेने मिळतात.

दहावा दिवस: आलेख वाचणं

क्रमांची अक्षरं आधी बघायचीच नाहीत, आलेख बघायचे. शिखरं एकेकटी, उंच, समान अंतरावर हवीत. मग क्रम प्रथिनाच्या भाषेत बदलून पाहायचा, आणि इथे सॉफ्टवेअरमध्ये पृष्ठवंशीयांच्या मायटोकाँड्रियाची सांकेतिक सारणी, म्हणजे सारणी क्रमांक २, निवडायला विसरू नये. टीजीए हा त्रिक (तीन बेसचा शब्द) नेहमीच्या सारणीत ‘थांबा’ असतो, मायटोकाँड्रियात ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. उलट एजीए आणि एजीजी इथे थांबवतात. चुकीच्या सारणीत उत्तम क्रमही न्यूम्टसारखा दिसतो.

बरोबर सारणीतही मध्येच ‘थांबा’ आला, एखादा बेस कमी-जास्त निघाला, जोडशिखरं दिसली, किंवा त्रिकातल्या तिसऱ्या जागी जी बेसचं प्रमाण नेहमीपेक्षा वाढलं, तर कुठेतरी पाणी मुरतंय. पक्ष्यांच्या सायटोक्रोम बीमध्ये तिसऱ्या जागी जी फार क्वचित असतो, म्हणून ही खूण बोलकी आहे. खात्री करायची असेल तर पाच हजार बेसहून लांब तुकडे वाढवून त्यातून वाचावं. बहुतेक न्यूम्ट त्याहून पुष्कळ आखूड असतात. एकच अपवाद ध्यानात ठेवायचा: पूर्ण मायटोकाँड्रिया वाचताना बऱ्याच पक्ष्यांच्या एनडी३ जनुकात १७४ व्या जागी एक जादा बेस निघतो. तो खरा असतो, पदरचं शहाणपण वापरून काढून टाकू नये.

बूबीच्या पिसाचा क्रम या सगळ्या चाळण्यांतून पार पडला. टर्न ब्रायडल्ड निघाली. सीओआयवर सूटी आणि ब्रायडल्ड स्पष्ट वेगळ्या पडतात, तिथे वाद राहत नाही.

शीअरवॉटरचं उत्तर अधिक विचार करायला लावणारं आहे. ३०७ बेस फ्लेश-फुटेडशी जुळले, आणि पिंक-फुटेडशीही जवळपास तितकेच. या दोन जाती इतक्या जवळच्या आहेत की काहींनी त्यांना एकच मानलं आहे. पिंक-फुटेड चिलीच्या बेटांवर प्रजनन करतो, फ्लेश-फुटेड हिंदी महासागरात आहेच. त्यामुळे नाव देताना आंजर्ल्याचा अक्षांश-रेखांश डीएनएच्या जोडीला उभा राहतो. नोंदीत तसंच लिहिलं: डीएनएने गट ठरला, जात भूगोलाने.

अकरावा दिवस: झाड मांडणं

प्रथिनाच्या जनुकांत क्रम एकाखाली एक लावण्याची मांडणी सोपी, फटी पडायला नकोत. पडल्या तर चूक आपली. त्रिकातल्या तिन्ही जागा वेगळ्या गतीने बदलतात, म्हणून त्यांना वेगवेगळी प्रारूपं द्यायची. आम्ही आयक्यू-ट्री हे झाड काढणारं सॉफ्टवेअर वापरलं, फांद्या किती पक्क्या हे तपासणाऱ्या १,००० बूटस्ट्रॅप फेऱ्यांसह. तिसऱ्या जागेवर एकाच ठिकाणी पुनःपुन्हा बदल होऊन जुने बदल झाकले जातात. म्हणून सायटोक्रोम बी पोटजाती, जाती, प्रजाती (जवळच्या जातींचा गट, जीनस) यांच्या पातळीवर भरवशाचा, पण बूबी आणि पेट्रल यांचा मूळ पूर्वज कोण, असल्या खोल प्रश्नांना तो पुरत नाही.

या एवढ्याशा जनुकांनी समुद्रपक्ष्यांची घडी किती बदलली ते बघा. १९९६ मध्ये गॅरी नन आणि सहकाऱ्यांनी सायटोक्रोम बीवरून अल्बट्रॉसच्या चार प्रजाती मांडल्या, त्या आजही चालतात. २००५ मध्ये ब्रिज, जोन्स आणि बेकर यांच्या मायटोकाँड्रियल झाडानंतर स्टर्ना ही भली मोठी प्रजाती फुटली. आपली ब्रायडल्ड टर्न ऑनिकोप्रिऑनमध्ये गेली, मोठी तुरेवाली टर्न थॅलॅसिअसमध्ये. त्याच वर्षीच्या पाँस आणि सहकाऱ्यांच्या कामातून भिगवणचा कुरव लॅरसमधून क्रोइकोसेफॅलसमध्ये आला. जुनी पुस्तकं हाताशी ठेवून नोंदी करणाऱ्यांचा नावांत गोंधळ होतो तो यामुळे. २००४ मध्ये केनेडी आणि स्पेन्सर यांनी फ्रिगेटबर्ड आणि ट्रॉपिकबर्ड तपासले. ट्रॉपिकबर्ड हे बूबींचे भाऊबंद नाहीत, हे पुढे पूर्ण जनुकसंचांनीही दाखवलं.

आणि जिथे हा डीएनए एकटा पुरत नाही, ती ठिकाणंही तितकीच महत्त्वाची. तो फक्त आईकडून येतो. दोन जातींत पूर्वी कधी संकर झाला असेल तर एका जातीचा मायटोकाँड्रिया दुसरीत जाऊन बसतो आणि झाड ते नातं म्हणून दाखवतं. पोमरीन स्कुआ या समुद्रपक्ष्याचं हेच कोडं आहे. दिसायला तो लहान स्कुआंसारखा, पण १९९७ मधल्या कामात त्याचा मायटोकाँड्रिया मोठ्या स्कुआंच्या गटाशी चिकटला. हर्ण्याच्या बंदरावर हिवाळ्यात गर्दी करणारे ह्यूग्लिन आणि त्यांच्यासारखे मोठे, पांढऱ्या डोक्याचे कुरव हे दुसरं उदाहरण. सीओआयचा बारकोड (जात ओळखायला वापरला जाणारा तुकडा) त्यांना वेगळं करू शकत नाही. एर्न्स्ट माइर यांनी १९४२ मध्ये हेरिंग गलच्या गटाला वर्तुळाकार जातीचं (शेजारच्या वसाहती आपसात जुळणाऱ्या, पण वर्तुळाची दोन टोकं भेटतात तिथे न जुळणाऱ्या) आदर्श उदाहरण म्हटलं होतं. २००४ मध्ये लिबर्स, डी क्नाइफ आणि हेल्बिग यांनी मायटोकाँड्रियावरूनच ते वर्तुळ जुळत नसल्याचं दाखवलं. म्हणजे जात ओळखायला जो तोकडा पडतो, तोच डीएनए वसाहतींचा इतिहास उलगडायला कामी येतो. प्रश्न कोणता विचारला, यावर सगळं आहे.

वयाचे आकडे झाडावर लिहिण्याची घाई करू नये. दहा लाख वर्षांत दोन टक्के हा सर्रास वापरला जाणारा वेग शील्ड्स आणि विल्सन यांनी १९८७ मध्ये हंसांवरून काढला. नन आणि स्टॅन्ली यांनी १९९८ मध्ये दाखवलं की पेट्रल-अल्बट्रॉसांत शरीर जितकं मोठं तितका सायटोक्रोम बी सावकाश बदलतो. स्टॉर्म पेट्रल आणि अल्बट्रॉस यांना एकच घड्याळ लावलं तर अल्बट्रॉस आहे त्याहून तरुण दिसतो.

शेवटचं काम जेनबँकेत, म्हणजे डीएनए क्रमांच्या खुल्या साठ्यात, नोंद करण्याचं. प्रत्येक क्रमाबरोबर ठिकाण, तारीख, ऊतीचा प्रकार, परवानगी क्रमांक, आणि जिथे पंख किंवा सांगाडा जपून ठेवला आहे तिथला संग्रह क्रमांक. ‘स्नायू’ की ‘पीस’ हे बरेच जण लिहीत नाहीत. लिहावं, कारण पुढे न्यूम्टची शंका आली तर पहिला प्रश्न तोच असतो. डीएनएच्या नळ्या उणे २० वर, स्नायूचा दुसरा तुकडा उणे ८० वर. शीअरवॉटरच्या उरलेल्या डीएनएवर आखूड, एकमेकांवर चढणाऱ्या तुकड्यांनी पूर्ण सायटोक्रोम बी काढायचा आहे. ११४३ बेस मिळाले तर फ्लेश-फुटेड की पिंक-फुटेड हा प्रश्न भूगोलाचा आधार न घेता पुन्हा तपासता येईल.